चौदा घरांचे डबे

"सिंधुबाई, ते मशीन बंद करा आधी."

"काना राहिलाय, भाऊ. आत्ता उठले तर नवरीचा तनुज होईल."

भागवतराव बारडकर दुकानाच्या पायरीवर उभे होते. डोक्याला टॉवेल, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मन्मथशेठनी गल्ल्यावरूनच पंखा त्यांच्याकडं फिरवला. सिंधुनं परातीच्या काठावर 'चि. सौ. कां. तनुजा'चा काना ओढला, फुंकर मारून कीस उडवला, बोटानं अक्षर चाचपलं आणि मगच बटण दाबलं. घरघर थांबली. ऐन लगीनसराईत एवढ्या शांततेची दुकानाला सवय नव्हती.

"बोला."

"माझा डबा कुठाय?"

"कुठला डबा?"

"कडीचा. मागच्या पंधरवड्यात उज्वलानं आमटी भरून तुमच्या हातात दिला होता. आज आमचा वार फिरून आला. डबा काढ म्हणलं तर म्हणते, आलाच न्हाई. शेजारी विचारलं, त्यांचाही न्हाई. चौदा घरं फिरलो मी या उन्हात. चौदा डबे गेले अन् एकही परत न्हाई!"

सिंधुनं परात मांडीवरून खाली ठेवली. रोज एकेक करत चौदा झाले, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"असतील तिथंच. धुऊन ठेवले असतील."

"धुऊन ठेवलेत का मोडीत घातलेत, ते तुम्ही सांगा. तुमची माणसं."

"माझी कशी? गल्लीची."

"गल्लीची वरणापुरती. डबे तुमच्या हातानं गेलेत." भागवतरावांनी टॉवेल सोडून पुन्हा बांधला. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून गल्लीचं मंडळ, गल्लीची नळपट्टी आणि गल्लीची नीतिमत्ता त्यांच्याकडं होती. "उद्या संध्याकाळी सातपर्यंत डबे गल्लीत आले तर ठीक. न्हाईतर डबाफेरी बंद. अन् मी ठाण्यात अर्ज देतो. मग त्या शेडात कोण राहतं, कुणाच्या परवानगीनं राहतं, सगळंच निघंल."

ते गेले. मन्मथशेठनी पंखा परत स्वतःकडं वळवला.

"सिंधुबाई, त्यांचा जीव डब्यात न्हाई. डब्यावर काय लिवलंय, त्याच्यात हाय."

सिंधुला ते माहीत होतं. तिनंच लिहिलं होतं ते.

तीन वर्षांपूर्वी भागवतरावांच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. वाटायला एक्कावन्न डबे, त्यावर 'कै. काशीबाई यांच्या स्मरणार्थ' आणि खाली देणाऱ्याचं नाव. त्या दिवशी सिंधुला ताप होता. पहिल्या अकरा डब्यांवर 'कै.' आईच्या नावाआधी पडलं, तसं मुलाच्या नावाआधीही पडलं. बाराव्या डब्याला शेठच्या लक्षात आलं. पण स्टीलवरचं अक्षर खोडता येत नाही. घासलं तर डाग पडतो, आणि डाग नावापेक्षा मोठा दिसतो. ते अकरा डबे भागवतरावांनी घरातच दडवले. त्यांची बायको उज्वलाबाई मात्र भांडं वाया घालवणाऱ्यांतली नव्हती. आमटी द्यायला तिनं नेमका त्यातलाच एक काढला. आता एक डबा नांदेड शहरात भागवतराव वारल्याचं सांगत फिरत होता, आणि कुठं फिरतोय हे भागवतरावांना माहीत नव्हतं.

नावं टाकायचं काम आधी सिंधुच्या नवऱ्याचं, व्यंकटीचं. याच पायरीवर बसून तो छिन्नी आणि बारक्या हातोडीनं ठिपक्या ठिपक्यांची अक्षरं काढायचा. सिंधु डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसून भांडी वाचायची. शाळा सातवीपर्यंतच झाली होती. जोडाक्षरं ती परातींवर शिकली. नऊ वर्षांपूर्वी व्यंकटी गेला, तेव्हा शेठ म्हणाले होते, आता मशीन आणू, माणूस बघू. सिंधु म्हणाली, मशीन आणा, माणूस बघू नका. तेव्हापासून ती पायरीवर होती. मुलगी सृष्टी लातूरला दिलेली. दर रविवारी फोनवर म्हणायची, आई, पुरे झालं ते घरघर, इकडं ये. सिंधु म्हणायची, येते की, लगीनसराई होऊ दे. नांदेडात लगीनसराई कधीच संपत नाही.

डबाफेरीही तिनंच सुरू केलेली. गेल्या भादव्यात मन्याडकाठच्या एका वस्तीत पाणी शिरलं. चार कुटुंबं चालत, ट्रकनं, पुन्हा चालत नांदेडला आली आणि गल्लीमागच्या बंद जिनिंगच्या शेडात उतरली. त्यांची घरं गायरानावर होती, म्हणून पंचनाम्यात ती घरं नव्हतीच. जे नव्हतं ते पडलं कसं, असा कागदाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर येईपर्यंत पोटाचं काय, हा प्रश्न कागदाला नव्हता. पहिल्या दिवशी सिंधु स्वतःच्या चार भाकरी घेऊन गेली. अठरा माणसांत चार भाकरी बघून तिचीच तिला लाज वाटली आणि परत येऊन तिनं शेजारचं दार वाजवलं. असं करत चौदा दारं झाली. रोज प्रत्येक घराच्या दोन भाकरी धडप्यात बांधून, आणि वारानुसार एका घरचं वरण किंवा भाजी, सगळ्यांना पुरेल एवढी.

सुरुवातीला वरण गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली दिलं जायचं. या पातेल्यातून त्या पातेल्यात. वरून, लांबून, धार धरून. ती धार सिंधुला बघवेना. म्हणून शेवटी पंधरवड्यापूर्वी तिनंच सुचवलं, झाकणाचा डबा द्या, मी नेऊन देते, रिकामा झाला की येईल. गल्लीनं डबे काढले. बहुतेक घरांनी जुनेच काढले, परत आले नाहीत तरी चालतील असे. का, ते कुणी बोललं नाही. आणि आता तेच डबे परत आले नाहीत म्हणून गल्ली पेटली होती.

शेठला सांगून सिंधु दुपारीच उठली.

जिनिंगच्या फाटकाशी, शेडाखालीच जुना वजनकाटा होता. कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या लोखंडी पाट्यावर आता चार संसार होते, मध्ये लुगड्यांचे पडदे. नागुबाई मोंढ्यातून, हळदीच्या कामावरून नुकतीच आली होती. साठीची, काटकुळी, हात कोपरापर्यंत पिवळे.

"जयभीम, बाई. आज लवकर?"

"जयभीम. नागुबाई, डबे कुठायत?"

नागुबाईनं हात पदराला पुसले. पिवळं काही निघालं नाही. "या," म्हणाली, आणि तिनं पडदा सारला.

फळीवर चौदा डबे ओळीनं मांडलेले होते. राखेनं असे घासलेले की सिंधुला चौदा ठिकाणी आपलं तोंड दिसलं.

"मोडीत नाही घातले," तिच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर ते गिळून टाकावंसं तिला वाटलं.

"कोन म्हनलं मोडीत?"

"कुणी नाही."

"म्हनलं असंल कुनीतरी. तुमच्या तोंडचं न्हाई ते."

"मग परत का नाही दिले? मी रोज विचारते. तुम्ही रोज म्हणता, देते, आज न्हाई."

नागुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी विचारावं की भाकरी दोन्हीकडून का भाजता.

"रिकामे कसे देनार, बाई?"

सिंधु फळीकडं बघत राहिली. तिच्या माहेरी कुणाकडचं भांडं आलं तर ते रिकामं परत जात नसे. चिमूटभर साखर, मूठभर शेंगा, काहीच नसलं तर परसातली कढीपत्त्याची काडी. सासरीही तेच. गल्लीतल्या चौदाही घरांत तेच. फक्त ही रीत शेडातल्या बाईलाही असेल, असं चौदा घरांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. सिंधुच्याही नाही.

"अहो, शहरात हे कुणी बघत नाही."

"मी बगते ना." नागुबाईनं एक डबा जरा सरळ केला. "घर गेलं. भांडे गेले. कोंबड्या गेल्या. आता रीत बी वाहून गेली म्हनून सांगू का? पातेल्यात वतत होते तवा बरं होतं, भांडं माझंच व्हतं. तुमी डबे सुरू केले अन् मला घोर लागला. रोज एक डबा चढून राहिला माझ्या डोक्यावर."

म्हणजे सिंधुनं मोठ्या मनानं दिलेला मान फळीवर येऊन बसला होता, चौदा कड्यांचा. तिला हसूच आलं.

"कुठला कुणाचा, ते कळतं तुम्हाला?"

"वाचता येत न्हाई. पन कळतं. ह्ये पातळ वरनाचं घर. ह्ये तिखटाचं. ह्या बाईची अंबाडी लई चांगली, लसूण सडळ हातानं टाकती. ह्ये मीठ इसरनारं घर." तिनं ज्या डब्यावर बोट ठेवलं, त्यावर दोनदा 'कै.' होतं.

"विसरत नाहीत. नवऱ्याला बीपी आहे."

"मंग त्याला एकट्याला अळनी द्यावं ना. अठरा मानसाला कामून बीपी?"

ओळीच्या शेवटचा डबा सिंधुनं उचलला. जुना, जड. काठावर ठिपक्यांची अक्षरं होती. व्यंकटीचा 'ल' नेहमी जरा डावीकडं कलायचा. इथंही कलला होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि डबा होता तसा ठेवला.

मग तिनं भागवतरावांचं सगळं सांगितलं. उद्या सात. अर्ज. मोडीचा शब्दही सांगितला.

मागच्या पडद्याआड कुणाचंतरी लेकरू भाकरीसाठी रडत होतं.

"चोर म्हनले," ती म्हणाली.

"तसं नाही म्हणाले."

"तसंच म्हनले. मंग तर रिकामे न्हाईच देनार."

"मी साखर आणते. चौदा पुड्या. टाकू एकेक अन् मोकळे होऊ."

"तुमची साखर टाकून तुमच्याच गल्लीला दिऊ? मंग म्या काय दिलं?" नागुबाई उठली, शेडाच्या मागं गेली. सिंधुही गेली. तिथं कुंपणाला लागून चिंचेचं जुनं झाड होतं. काळ्या फांद्यांवर तांबूस-हिरवा, बारीक चिगूर फुटत होता. चिंचेचा हा कोवळा पाला वरणात पडला की नांदेडकडचा माणूस एक भाकरी जास्त खातो. बाजारात तो वाट्यानं विकतात आणि घेणारे घासाघीस करतात.

"ह्याची वाट बगून राहिले म्या. अजून चार दिवस पायजेत. भरून येतंय झाड."

"चार दिवस नाहीत, नागुबाई. उद्याच आहे फक्त."

"झाडाला काय मालूम, उद्या सात वाजता काय हाय ते."

दोघी वर बघत उभ्या राहिल्या. त्या दिवशी संध्याकाळी भाकरी आल्या, वरण आलं नाही. भागवतरावांचा वार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुनं शेठला फोन केला.

"आज येत नाही."

"लगीनसराईत सुट्टी? नवरदेवाचं नाव कोन टाकनार, मी?"

"टाका की. लग्न लागायचं थांबत नाही नावावाचून."

शेडातल्या बायका मजुरी बुडवून झाडाखाली जमल्या होत्या. बांबूला आकडी बांधून फांद्या वाकवल्या आणि शेंड्याशेंड्याचा चिगूर खुडायला सुरुवात झाली. पाला इतका बारीक की तासभर खुडावं तेव्हा ओंजळ भरावी. सिंधुची बोटं स्टीलवर चालायची, पाल्यावर गोंधळली. नागुबाई म्हणाली, "हळू. जून काडी घेऊ नका. दाताखाली आली तर म्हनतील, शेडवाल्यांनी कचरा भरला." दुपारपर्यंत ऊन डोक्यात शिरलं. चारच्या सुमाराला लुगड्यावरचा ढीग चौदा ठिकाणी वाटला गेला. डब्याच्या मानानं ओंजळ लहानच दिसत होती. पण डबा रिकामा नव्हता.

"आणा, मी नेते," सिंधु म्हणाली.

"तुमी न्हाई. माझं तोंड बगून चोर म्हनले असते तर येगळं. न बगता म्हनले. आता बगू द्या." नागुबाईनं हात धुतले, पदर खोचला. लेकाचा हातगाडा काढला आणि डबे त्यावर मांडले. "म्या देनार. तुमी निस्ते नावं वाचा. तुमचेच अक्षर हायेत ना?"

आजवर ती लिंबाच्या पुढं गल्लीत आलेली नव्हती. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी ये असंही म्हटलं नव्हतं.

सहा वाजले होते. उन्हं कलली होती, ओट्यांवर पाणी मारून झालं होतं आणि सगळी गल्ली बाहेर बसलेली होती. हातगाडा लिंबाखालून आत आला. चाकाच्या आवाजानं माना वळल्या. सिंधुनं पहिला डबा उचलून काठावरचं नाव वाचलं. नावं वाचणं हा तिचा धंदा होता, पण ओरडून वाचायची वेळ पहिलीच.

"रविकांत शिवराम पांडागळे!"

रविकांतची बायको हात पुसत बाहेर आली. नागुबाईनं डबा तिच्या हातात दिला. "बाई, तुमचं वरन पातळ असतं, पन लई पुरतं. लेकरं पितात."

ती बाई आधी लाजली, मग झाकण उघडून बघितलं. "अगं बाई! चिगूर! या वर्षी अजून मिळालाच नव्हता."

शेजारच्या ओट्यावरून मान लांब झाली. "आमच्यात बी आहे का?"

"समद्यात हाय. नाव वाचू द्या."

पाच-सहा डबे असे गेले. तिखटाच्या घराला नागुबाईनं सांगितलं की तुमची भाजी खाऊन आमचा म्हातारा रडतो, पण मागून घेतो. अंबाडीच्या घराला नुसताच नमस्कार केला. गल्लीला आपल्या स्वयंपाकाची अशी जाहीर परीक्षा कुणी कधी घेतली नव्हती. ज्यांचं नाव अजून यायचं होतं, त्या बायका अस्वस्थ व्हायला लागल्या.

"अंबिका संगमेश हुंडेकर!"

अंबिकाबाई दारात आल्या, उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "ठेवा तिथं ओट्यावर. घेते मी नंतर."

नागुबाई डबा घेऊन ओट्यापुढं उभी राहिली. ठेवला नाही.

"ठेवा म्हटलं ना."

"भरलेला हाय, बाई. भरलेलं भांडं हातात देत असतेत."

कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. नागुबाईचे पिवळे हात कडीवर होते, आणि ते हलत नव्हते. सिंधुनं गाड्यावरचा पुढचा डबा उचलला नाही. घाई नाही, असं तिनं आपल्या उभं राहण्यातून सगळ्यांना कळू दिलं. अंबिकाबाईंनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. सगळे त्यांच्याकडंच बघत होते. शेवटी त्या उंबरा ओलांडून आल्या आणि त्यांनी कडी धरली. क्षणभर एकाच कडीवर दोघींची बोटं होती.

"तुमच्या डाळीला हिंगाचा वास लई चांगला असतो," नागुबाई म्हणाली आणि वळली.

व्यंकटीच्या अक्षरांचा डबा म्हाताऱ्या भुजंगमास्तरांच्या घरचा निघाला. मास्तरांनी तो घेतला, चष्मा कपाळावर सरकवून नाव वाचलं आणि सिंधुकडं बघून म्हणाले, "हा आम्ही मोडका समजून दिला होता. इतका चांगला होता होय हा?" सिंधुनं मान वळवून गाड्यावरचा पुढचा डबा उचलला.

गाड्यावर एकच डबा उरला. भागवतरावांचं दार लोटलेलं होतं. खिडकीचा पडदा मात्र हलत होता.

सिंधुनं डबा दोन्ही हातांनी वर धरला. जसं लिहिलं होतं तसं वाचलं.

"कैलासवासी भागवतराव गणपतराव बारडकर!"

गल्लीत आधी एक पोरगी फिसकन हसली. मग भुजंगमास्तर. मग सगळाच ओटा. दार धाडकन उघडलं आणि भागवतराव बनियनवर बाहेर आले.

"ओ सिंधुबाई! जिवंत हाय मी!"

"मला माहीत आहे, भाऊ. डब्याला माहीत नाही. सही करायला नको, हात पुढं करा."

मागून उज्वलाबाई आल्या. हसू दाबून त्यांचा चेहरा लाल झाला होता. भागवतरावांना डबा घ्यावाच लागला, नाहीतर ते वारल्याचं गल्लीत पक्कं झालं असतं. त्यांनी झाकण उघडलं. बघत राहिले.

"हे काय?"

"चिगूर," नागुबाई म्हणाली. "रिकामा कसा देनार? म्हनून उशीर झाला. मोडीत न्हाई घातला."

मोडीचा शब्द तिनं मोठ्यानं उच्चारला नव्हता. पण तो सगळ्या गल्लीला ऐकू गेला. भागवतरावांनी डोक्यावर हात नेला. टॉवेल नव्हता, सोडून बांधायला काही नव्हतं. "बरं," ते म्हणाले. मग चिगुरावरून बोट फिरवत, "उन्हाचं खुडत बसल्या का सगळ्या?"

उज्वलाबाईंनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. "कालचा वार आमचा राहिला, तो उद्या. चिगुराचं वरण करते."

"बाई," नागुबाई म्हणाली, "मीठ तेवढं..."

"टाकते. ह्यांचं वेगळं काढते."

पुढच्या आठवड्यात दोन घरं फेरीतून गळाली. अंबिकाबाईंकडं पाहुणे आले, ते अजून गेलेले नाहीत. दुसऱ्या घरानं काही कारणच सांगितलं नाही. बारा राहिली. भागवतरावांनी अर्ज दिला नाही. तरी एक दिवस जिनिंगच्या फाटकावर कुणीतरी नोटीस चिकटवून गेलं. तिच्यावर तारीख होती, सही होती, आणि माणसं जायची कुठं ते नव्हतं.

त्याच दिवशी नागुबाई दुकानाच्या पायरीशी आली. आपला स्वतःचा एक डबा असावा, असं तिच्या मनात आलं होतं. मन्मथशेठनी माळ्यावरून पोचा पडलेला एक काढला आणि म्हणाले, "हा इकत न्हाई कुनी. न्या." पुढं त्यांना कुणी कनवाळू म्हणू नये म्हणून ते आत जाऊन गिऱ्हाइकावर ओरडले.

सिंधुनं डबा मांडीवर घेतला. 'नागुबाई सोनकांबळे' टाकलं, ठळक. खाली 'रा.' टाकलं आणि मशीन थांबवलं.

"राहणार कुठं लिहू? गाव टाकू का?"

"गावात काय राहिलंय."

"मग शेड?"

"शेडाचं कागद चिटकवलं की आज." नागुबाईनं रस्त्यावरच्या गर्दीकडं, ऑटोंकडं, माणसांकडं बघितलं. "नांदेड लिवा. एवढं मोठं हाय. कुठंबी मावू."

"स्टीलवरचं खोडता येत नाही, हां."

"मंग तर लिवाच."

बारा घरांचे वार फिरून झाले; तेराव्या दिवशी फेरीत कुणाचाच वार नव्हता. सिंधुनं ठरवलं होतं, आपण करू. ती दुकानातून जरा लवकर निघून घरी आली, तर दारात नागुबाई. हातात पोचा आलेला डबा, वरून धडप्यात भाकरी.

"आज वार आमचा."

"तुमचा कसा? तुम्ही तर..." सिंधुनं वाक्य तिथंच सोडलं.

"बारा घरं झाले. तेरावं आमचं. शेडात शिजवलं, समद्यांनी खाल्लं. ह्यो तुमचा वाटा." नागुबाई उंबऱ्याशी उभी होती. "तुमाला कोन देतंय डबा?"

नऊ वर्षांत कुणी दिला नव्हता. सिंधुनं कधी मोजलं नव्हतं, आत्ताच तिच्या लक्षात आलं. तिनं कडी धरली. डबा गरम होता.

चुका घातलेलं वरण होतं. मीठ बरोबर होतं. ती दोन्ही भाकरी खाऊन उठली, डबा घासला, पदरानं कोरडा केला आणि ओट्यावर ठेवला. मग एकेक बरणी उघडून बघितली. पोहे. साखर. सृष्टीनं लातूरहून पाठवलेला चिवडा, मऊ पडलेला. तिनं बरण्या परत लावल्या.

दुसऱ्या दिवशी डबा गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानासमोरून नागुबाई मोंढ्याकडं निघाली होती. पायरीशी थांबली. सिंधु एका घागरीवर वाकलेली होती.

"बाई, माझा डबा?"

सिंधुनं मशीन बंद केलं नाही. मान तेवढी वर केली.

"देते, नागुबाई. आज न्हाई."